दर्याचे जुने जाणते आणि नवे शास्त्र

छत्रपती संभाजीनगरात बसून समुद्रावर बोलावयाचे, हे पुष्कळ श्रोत्यांस गमतीचे वाटेल. येथून पश्चिमेस निघालेल्या माणसास सह्याद्रीचा घाट उतरल्यावाचून खारे पाणी दिसावयाचे नाही. आणि मराठवाड्यातील माणसास पाण्याची जी चिंता असते, ती बहुधा ते नसल्याची असते. तथापि या शहराच्या उत्तरेस डोंगरात जी बौद्ध लेणी कोरलेली आहेत, त्यांतील सातव्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराची एक उभी मूर्ती आहे. भक्तांस ज्या आठ महाभयांतून तो सोडवितो, ती भये तिच्या दोहों बाजूंस दाखविली आहेत. अग्नी, चोर, साप, सिंह, मत्त हत्ती यांच्या जोडीस तेथे बुडणारे जहाजही आहे. ज्यांच्या दानातून ती लेणी उभी राहिली, त्यांपैकी कित्येकांचे द्रव्य समुद्रावर तरंगत होते, असे अनुमान काढावयास हरकत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक पुस्तकात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. तेथील अकीकासारखा पट्टेदार दगड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. त्याच पुस्तकात निरनिराळ्या बंदरांतील मालाच्या याद्यांत कासवाची पाठ हा जिन्नस वारंवार येतो. तेव्हा समुद्रकासवाचा विषय गोदातीरास अगदीच परका आहे, असे म्हणता यावयाचे नाही.

श्रोतेहो, समुद्रातील जीवांचे रक्षण कसे करावे याविषयी दोन प्रकारचे जाणते आपल्या किनाऱ्यावर आहेत. एक, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरणारे कोळी, गाबीत, खारवी वगैरे लोक. आणि दुसरे, गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आलेले शास्त्रज्ञ. या दोघांची गाठ कोठे पडली, कोठे पडली नाही, आणि न पडल्याने काय नुकसान झाले, त्याचा इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम एका गोष्टीचा निकाल लावून टाकणे बरे. जुने ते सारे ज्ञान, असे मानणारा एक पक्ष हल्ली बोलू लागला आहे. आपल्या संतवाङ्मयात कासवीचा एक सुंदर दृष्टान्त येतो : कासवी पिलांस दूध पाजीत नाही, अंगाखालीही घेत नाही, केवळ आपल्या दृष्टीने दुरून त्यांचे पोषण करते. नाथांच्या पैठणात कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसास हा दृष्टान्त पाठ असावयाचा. आता समुद्रातील कासवीची हकीकत अशी आहे की, ती रात्री वाळूवर येते, दीड-दोन फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून जागा दडपते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. आपली पिले ती जन्मात पाहत नाही. दृष्टान्त शास्त्राच्या कसोटीस उतरला नाही म्हणून त्यातील भक्ती खोटी होत नाही. परंतु वाळूवर राखणदार नेमावयाचा की नाही, हे ठरविताना आईच्या दृष्टीवर विसंबणे बरे नव्हे. ऐकीव परंपरा आणि कामातली परंपरा, या दोहोंत म्हणून भेद करावा लागतो. जिच्यात चूक झाली असता होडी बुडते किंवा जाळे रिकामे येते, ती परंपरा दर पिढीस तावून सुलाखून निघालेली असते. मला येथे तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

तिचे एक उदाहरण भरतीच्या हिशेबाचे. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी आहे की, तिथीच्या अंकास पाऊणने गुणावे. जो अंक येईल तितक्या वाजता पूर्ण भरती समजावी. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. पूर्वी शाळेतून पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ करून घेत, त्यामुळे हा हिशेब निरक्षर म्हणविणाऱ्या तांडेलासही तोंडी येई. शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते. म्हणजे दर तिथीस ४८ मिनिटे. कोळी ४५ धरतो. पंधरा तिथींअखेर त्याच्या हिशेबात पाऊण तासाचे अंतर पडते, आणि नव्या पक्षाच्या आरंभी हिशेब पुन्हा मुळापासून सुरू होत असल्यामुळे ते आपोआप पुसले जाते. पाऊणऐवजी चार-पंचमांश धरले तर गणित बिनचूक होईल. पण चार-पंचमांशाचा पाढा पाठ करणार कोण? व्यवहारास पुरेल इतके अचूक आणि डोक्यात राहील इतके सोपे, असे हे गणित आहे, आणि छापील भरती-कोष्टके निघण्याच्या कितीतरी आधीपासून ते किनाऱ्यावर चालत आले आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या आसपासची मंद भरती म्हणजे भांग. बोंबलासाठी समुद्रात खुंट रोवून जे डोलजाळे बांधतात, त्याचा सारा कारभार या दोन शब्दांवर चालतो. उधाणाच्या जोरदार प्रवाहात जाळ्याचे तोंड उघडे राहते आणि मासळी आत येते. भांगात पाणी ढिले पडते, जाळे फुगत नाही, आणि कोळी किनाऱ्यावर बसून जाळी सांधतो. खुंटांच्या जागा घराण्यांच्या ठरलेल्या असत आणि एकाने दुसऱ्याच्या जागेत खुंट रोवू नये असा जातीचा निर्बंध असे. किती जाळी लागावी, कोठे लागावी आणि महिन्यातून किती दिवस लागावी, या तिन्हींस मर्यादा पडत. मासळी वाचावी म्हणून हे नियम केले होते असा दावा मी करीत नाही. भांडणे टळावीत हाच हेतू प्रधान असावा. पण मासळीही वाचत असे.

याहून मोठी मर्यादा पावसाळ्याची. मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यावयाच्या, झावळ्यांनी झाकावयाच्या आणि श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मगच पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा सबंध किनाऱ्याचा रिवाज. मुंबईच्या वृत्तपत्रांतून नारळी पौर्णिमेची वर्णने येतात ती नाच-गाण्याची असतात. त्या सणाच्या पाठीमागे दोन महिन्यांचा उपास आहे, याचा उल्लेख क्वचित असतो. या काळात दर्या खवळलेला असतो हे तर खरेच. परंतु आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ जातींच्या मासळीचा अंडी घालण्याचा हंगामही पावसाळ्याच्या आगेमागे येतो, असे मत्स्यशास्त्राच्या अभ्यासात दिसून आले आहे. सगळ्याच जातींचा येतो असे नाही. पण ज्यांचा येतो, त्यांस या रिवाजाने एक निर्भय ऋतू मिळत असे.

या रिवाजातील कालगणना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे होत; मृग दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारासच लागतो. नारळी पौर्णिमा मात्र चंद्राची, म्हणून ती मागेपुढे होते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ती ३० ऑगस्टला पडली आणि २०२४ साली १९ ऑगस्टला. म्हणजे दर्या बंद करावयाचा तो सूर्याच्या हिशेबाने, कारण पावसाळा सूर्यावर अवलंबून. आणि उघडावयाचा तो पौर्णिमेच्या हिशेबाने, कारण सणास साऱ्या गावाची एकच तिथी लागते. शिवाय नारळ वाहिला तरी पाण्याचा रंग आणि वाऱ्याची दिशा पाहिल्यावाचून जाणता तांडेल होडी लोटीत नसे.

या व्यवस्थेचा आधार कोणता होता? शिडाची होडी. आषाढातल्या वाऱ्यात शिडाची होडी चालतच नव्हती. त्यामुळे धर्म, भीती आणि शहाणपण या तिघांचा एकच हुकूम निघत असे. १९५० नंतर होड्यांस इंजिने बसू लागली. १९५३ साली नॉर्वेच्या साहाय्याने त्रावणकोर-कोचीन राज्यात, म्हणजे आजच्या केरळात, मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळू लागल्यावर समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ट्रॉल जाळे सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरले. इंजिनाने भीती नाहीशी केली. भीती गेल्यावर रिवाजाचे तीन खांबांपैकी एक कोसळला आणि उरलेल्या दोहोंवर भार पडला. माझ्या मते आपल्या सागरी जीवनाच्या अलीकडील इतिहासातील ही मुख्य घटना होय, आणि ती कोणत्याही एका वर्षी घडलेली नसल्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागा मिळत नाही.

जे पूर्वी रिवाजाने होत असे, ते कायद्याने करण्याची पाळी मग आली. गोव्यात रापणकारांनी यात पुढाकार घेतला. रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात सोडलेले आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे सामाईक जाळे. ते ओढावयास सबंध वाडा लागतो आणि मासळीचे वाटे पडतात. किनाऱ्याजवळ येऊन ट्रॉलर मासळी उपसू लागले तेव्हा १९७० नंतरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी मोठा लढा दिला आणि १९८० साली तेथे सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. या कायद्याखाली आपल्याकडे पावसाळी बंदी ठरली ती १० जून ते १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जी आधी येईल तोपर्यंत. सरकारी नियमात पंचांगातील तिथी यावी, हे पाहून एखादा कायदेपंडित हसेल. मला तर तो मसुदा करणाऱ्याचे कौतुक वाटते. १० जून ही तारीख मृगाच्या आगमनाशी जुळती आहे, आणि शेवट कोळ्यांच्याच सणाने होतो. माणसास जो नियम आपला वाटतो, तो पाळावयास शिपाई कमी लागतात.

पुढे २०१५ साली केंद्र सरकारने सबंध पश्चिम किनाऱ्यास १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी ठरविली. एका राज्याच्या बोटी बंद असता शेजारच्या राज्याच्या बोटींनी येऊन मासळी न्यावी, हा अन्याय त्यामुळे टळतो, हे मान्य केले पाहिजे. पण तिथी गेली. २०२३ साली बंदी उठण्याचा दिवस आणि नारळी पौर्णिमा यांच्यामध्ये पुरा एक महिना गेला. ऑगस्टच्या आरंभी दर्या अजून उग्र असतो आणि जाळ्यात येणारी पापलेटे लहान असतात, असे पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे. तर ज्याचे भांडवल मोठ्या बोटीत अडकले आहे, त्यास एक दिवसही जड जातो. त्याच २०२३ साली पापलेटास महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला, आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरविण्यात आली; पापलेट १३५ मिलिमीटरांहून आखूड असल्यास पकडू नये असा नियम झाला. पालघरकडील सातपाटीचे मच्छीमार पापलेटाची पिले वाचविण्याची मागणी पुष्कळ दिवसांपासून करीत होतेच. या ठिकाणी शास्त्रज्ञांची मोजपट्टी आणि कोळ्यांची तक्रार यांनी एकच गोष्ट सांगितली, हे विशेष.

आता जेथे गाठ पडली नाही, तेथील गोष्ट. १९८७ साली मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. जागेची निवड शास्त्रदृष्ट्या उत्तम होती. खडक, प्रवाळ, शेवाळ, नाना जातींचे मासे, सारे तेथे होते. पण ज्या पाण्यावर शेकडो घरे जगत होती, त्या पाण्याविषयी त्या घरांस विश्वासात घेऊन बोलणे झाले नाही. आपली मासेमारी बंद होणार या शंकेने विरोध सुरू झाला आणि अभयारण्य वर्षानुवर्षे मुख्यतः कागदावर राहिले. याच किल्ल्याची पायाभरणी शिवछत्रपतींनी १६६४ साली केली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे नियम आले, त्यांत रयतेची आंबा-फणसाची झाडे मालकास राजी केल्यावाचून व मोबदला दिल्यावाचून तोडू नयेत, असे तत्त्व घातले आहे. आरमारासारख्या निकडीच्या कामातही ज्यांस रयतेची संमती आवश्यक वाटली, त्यांच्या किल्ल्याभोवती तीनशे वर्षांनी ती कोणास आठवू नये, याचे नवल वाटते.

याच्या अगदी उलट प्रकार रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावी घडला. वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या अभ्यासासाठी त्या बाजूस गेले असता वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आणि उकरलेला खड्डा त्यांच्या दृष्टीस पडला. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे या किनाऱ्यावर हिवाळ्यात अंडी घालतात, हे गावास नवे नव्हते. कोल्हे-कुत्री आणि माणसे यांच्या हातून ती अंडी सुटत नसत. खाण्यास आणि विकण्यास ती नेली जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये समुद्रकासवांस कमाल संरक्षण आहे. तेव्हा येथे दोन मार्ग होते : अंडी नेणाऱ्यांस पकडून देणे, किंवा त्यांस कामावर बोलावणे. संस्थेने दुसरा मार्ग धरला.

तो धरण्यास भूतदयेपेक्षा भक्कम कारण होते. रात्रीच्या काळोखात मैलभर पुळणीवर कासवाचे घरटे नेमके कोठे आहे, हे अंडी नेणाराच सांगू शकतो. वाळूवर उमटलेल्या वल्ह्यासारख्या पायांच्या खुणांपैकी येण्याच्या कोणत्या व जाण्याच्या कोणत्या, कासवी कोठे थांबली आणि कोठे नुसती फिरून गेली, दडपलेल्या वाळूत काठी कोठे अडते आणि कोठे सहज जाते, कोणत्या भरतीस ती वर येण्याचा संभव अधिक, हे त्यास अनुभवाने माहीत. ही विद्या अंडी चोरण्यासाठीच जमविलेली होती, हे खरे. पण विद्येस तिचा पूर्वीचा उपयोग चिकटून राहत नाही. घरटे उधाणाच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, आणि पुढल्या पौर्णिमेस ते पाण्याखाली जाईल की नाही, याचाही अंदाज गावकऱ्यांस होता.

जे त्यांस माहीत असण्याचे कारण नव्हते, ते शास्त्राने पुरविले. अंडी खावयाची असली तर ती कशीही उचलली तरी चालते. उबवावयाची असली तर चालत नाही. घातल्यापासून काही तासांत आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो, आणि त्यानंतर अंडे उलटेसुलटे झाले तर तो मरतो. म्हणून अंडी लवकर, न फिरविता उचलावयाची. मूळ घरट्याइतक्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा खड्डा कुंपणाच्या आत करून त्यात ठेवावयाची. आणि तारखेची नोंद करून सुमारे पन्नास-पंचावन्न दिवस वाट पाहावयाची. दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक. कासवाचे पिलू नर व्हावे की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९-३० अंश सेल्सिअसच्या खाली नर अधिक निपजतात, वर माद्या; आणि उष्णता फारच वाढली तर अंडीच नासतात. पृथ्वीचे तापमान वाढत असता कुंपणातील वाळूवर सावली करावी काय, हा प्रश्न आता किनाऱ्यावर प्रत्यक्ष उभा आहे. त्याचे उत्तर जुन्या परंपरेत शोधणे व्यर्थ आहे. तशी उष्णता तिने कधी पाहिलेलीच नाही.

पहिल्याच हंगामात वेळासला सुमारे ५० घरटी राखली गेली. पिले निघण्याचे दिवस आले की घरट्यावर टोपली पालथी घालावयाची, सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहावयाची आणि निघालेली पिले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडावयाची, हा क्रम तेथे पडला. २००६ पासून हा देखावा पाहण्यास बाहेरचे लोक येऊ लागले, त्यास ‘कासव महोत्सव’ असे नाव मिळाले, आणि गावातील घरांनी पाहुण्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करून चार पैसे मिळविण्यास आरंभ केला. अंड्याच्या विक्रीतून जे मिळत होते त्याहून हे अधिक आणि उजळ माथ्याने मिळणारे. पुढे आंजर्ले, कोळथरे, गुहागर, वेंगुर्ल्याकडील वायंगणी अशा अनेक पुळणींवर वनखात्याच्या देखरेखीखाली आणि गावोगावच्या कासवमित्रांच्या हातून हे काम पसरले. महोत्सवाविषयी मात्र एक स्पष्ट बोलावे लागते. निसर्गात पिले बहुधा रात्री, वाळू थंडावल्यावर निघतात आणि क्षितिजाच्या उजळ बाजूस धावत सुटतात. त्या पहिल्या धावेतच त्यांच्या अंगातील शिदोरी खर्च होते. पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यांस थांबविणे, किंवा पुळणीवर दिवे लावणे, हे त्यांच्या जिवाशी खेळणे होय. पाहुणे सज्जन असतात, पण त्यांस घाई असते.

किनाऱ्यावर अंडी राखली तरी समुद्रात जाळी आहेतच. कासव हा फुप्फुसांनी श्वास घेणारा जीव. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर तो गुदमरतो. कायद्याच्या भयाने कोळी अशी गोष्ट बोलत नसे, आणि तो बोलत नसल्यामुळे कोणते प्राणी कोठे व केव्हा सापडतात, याची शास्त्रज्ञांस बातमी नसे. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने ठरविले की, संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमारास छायाचित्राच्या पुराव्यावर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खाते यांच्या या योजनेतून कासवे, व्हेल शार्क, डॉल्फिन सुटले. जाळ्याची खरी किंमत पुष्कळदा याहून अधिक असते, ही मच्छीमारांची तक्रार रास्त आहे. तरीही माझ्या मते रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही की, त्या छायाचित्रांबरोबर स्थळ आणि काळ येऊ लागले, आणि जी माहिती पूर्वी भीतीने दडपली जात असे ती उघड झाली.

गुजरातेत २००४ साली याच हेतूने निराळी युक्ती योजण्यात आली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणाऱ्या व्हेल शार्कला २००१ सालीच कायद्याचे संरक्षण मिळाले होते, पण मच्छीमारांपर्यंत ते पोहोचले ते मोरारी बापूंनी त्या प्रचंड माशास ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे म्हणून माहेरी बाळंतपणास आलेल्या लेकीची उपमा दिली तेव्हा. माहेरवाशिणीस कोण मारील? अमेरिकेतील उदाहरण याहून वेगळे. जॉर्जिया प्रांतातील सिंकी बून नावाच्या कोळंबी पकडणाऱ्याने जाळ्यात शिरणारे मोठमोठे जेलीफिश बाहेर फेकण्यासाठी जाळ्यात एक तिरपी जाळी बसविली होती. तिने कासवेही बाहेर पडतात, हे ध्यानात आल्यावर शास्त्रज्ञांनी अशा साधनांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ती ट्रॉल जाळ्यांत सक्तीची झाली. कोळ्याची ही कल्पना पुढे व्यापाराची तलवार बनली : असे साधन न वापरणाऱ्या देशांतील समुद्री कोळंबी घेऊ नये, असा अमेरिकेचा १९८९ चा कायदा आहे, आणि २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीस त्या बाजाराचे दार बंद झाले. कोचीच्या केंद्रीय संस्थेने आपल्या बोटींस जुळणारे साधन तयार करून ठेवलेले होतेच. ते बसविल्याने थोडी मासळीही निसटते, म्हणून बोटवाले तयार नव्हते.

शेवटी एक प्रश्न असा, की तो ना कोळ्यास सुटला होता ना शास्त्रज्ञास. अंडी घालून कासवी जाते कोठे? २०२२ च्या जानेवारीपासून कोकणच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसविण्यात आली. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांचे हे काम. पहिली वेळासची, तिचे नाव ‘प्रथमा’. बाकीच्या सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरास आणखी दोघींस यंत्रे बसली, ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. पश्चिम किनाऱ्याची कासवे अरबी समुद्रातच राहतात आणि ओडिशाकडे लक्षावधींनी जमणारी कासवे निराळी, अशी समजूत तोवर रूढ होती. बागेश्री कोकणातून दक्षिणेस निघाली, श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, आणि त्या समजुतीस धक्का बसला.

दुसरा धक्का उलट दिशेने आला. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायास धातूची पट्टी आढळली. तिच्यावरील क्रमांक ०३२३३. अशा पट्टीत यंत्र नसते, वीज नसते. ज्याच्या दृष्टीस ती पडेल त्याने क्रमांक वाचून कळवावा, एवढीच तिची योजना. चौकशी करता ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बसविलेली निघाली. दोन्ही ठिकाणांत समुद्रमार्गे सुमारे ३,५०० किलोमीटरांचे अंतर. ती श्रीलंकेस वळसा घालून आली, की रामेश्वराजवळच्या उथळ सामुद्रधुनीतून, हे त्या पट्टीवरून कळत नाही. तिने गुहागरास घातलेली अंडी मात्र इतर घरट्यांप्रमाणेच कुंपणात नेऊन, तारीख घालून, वाळूखाली ठेवण्यात आली.